पहिली ईल आणताय? आधी झाकण बघा

सुरुवातीला स्नोफ्लेक मोरे ही सापासारखी लांब समुद्री ईलच घ्या. तिचे दात बोथट, कुर्ल्या-कोळंबी फोडायला बनलेले. पण वाढते दोन फुटांच्या वर, म्हणून टाकी 250 लिटरच्या खाली नको.

ईल मरते ती बहुतेकदा टाकीबाहेर, फरशीवर सुकून. फिल्टरच्या पाइपपाशी राहिलेली दोन बोटांची फटसुद्धा तिला पुरते, आणि झाकण ती डोक्याने उचलते. जाळी घट्ट बसवा, वर वजन ठेवा.

पाणी खाडीचं अजिबात नको. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरचंही नको. नद्यांच्या पुराने त्याचा खारेपणा पार उतरतो. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ मिसळा, घनता 1.023 ते 1.025. नव्या टाकीतली अमोनिया, नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्य झाल्याशिवाय ईल सोडू नका. त्याला महिना-दीड महिना लागतो. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे हवेतच.

आठवड्यातून दोन-तीनदा सोललेली कोळंबी, माकूल, लांब चिमट्याने. हाताने कधीच नाही: तिला नीट दिसत नाही, ती वासावर चावते. नवी ईल आठ-पंधरा दिवस खात नाही, घाबरू नका. तांबं असलेलं औषध मात्र टाळा, अंगावर खवले नसल्याने तिला ते बाधतं.

आणि वीज जातेच, तेव्हा बॅटरीवरचा एअरपंप आधीच घेऊन ठेवा.