मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती, आणि सोलापूरहून धरलं तर?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,550 किलोमीटर, म्हणजे 7,800 मैल. सोलापूर ते मुंबई रस्त्याने आणखी 400 किलोमीटर धरा.

नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, फसाल. घरात पृथ्वीगोल असेल तर चादरीच्या दशीतला एक दोरा काढा आणि दोन्ही शहरांवर ताणून धरा. दोरा सरळ पश्चिमेला न जाता वर सरकतो, नॉर्वे, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून न्यूयॉर्कला उतरतो! हाच सर्वांत जवळचा मार्ग. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून विमान वळसा घेतं, त्यामुळे अंतर वाढतं. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. आमच्या आईला मात्र सोलापूर-मुंबई रात्रीची गाडीच जास्त लांब वाटते.