दाखल्यावरचं 'दक्षिण सातारा' म्हणजे कुठलं?

प्रश्न : वडिलांचा १९५४ चा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, त्यावर शिक्का आहे 'डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्ड, दक्षिण सातारा'. आमची शाळा तर सांगली जिल्हा परिषदेची, आणि आजोबा तिला कायम 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायचे. खरं काय? जुना रेकॉर्ड कुठे मिळेल?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : आधी एक सांगतो, तो दाखला लॅमिनेट करू नका, जुना कागद खराब होतो. आता प्रश्नाकडे. तिन्ही खरं आहे, शाळा तीच, मालक बदलत गेला. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा सरकारकडून लोकल बोर्डांकडे, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक कारभारी संस्थांकडे आल्या, आजोबांच्या तोंडी तेच नाव बसलं. मग १९४७ चा नवा कायदा आला आणि जिल्ह्याला वेगळं स्कूल बोर्ड झालं. १९४९ ला सातारा जिल्हा फोडून उत्तर आणि दक्षिण असे दोन केले, तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा भाग दक्षिणेत गेला, त्यात सांगली, मिरज, जतची संस्थानंही विलीन झाली. दक्षिण साताऱ्याचं 'सांगली' हे नाव १९६० चं, म्हणून वडिलांच्या दाखल्यावर ते असणारच नाही.

जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. वसंतराव नाईक समितीने शिफारस केलेली, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, ते तर तुमच्याच भागातल्या देवराष्ट्र्याचे. बोर्डाच्या शाळा परिषदेकडे गेल्या, पण गावात 'बोर्डाची शाळा' हा शब्द पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिला, तपासणीला येणारे साहेब पण लोकांना 'दिपोटी'च, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर.

या भागात शाळा वाढल्या त्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचा वाटा विसरून चालणार नाही. जिथे बोर्डाची शाळा पोचलीच नव्हती अशा खेड्यांत रयत शिक्षण संस्थेने व्हॉलंटरी शाळा काढल्या, कुठे देवळात तर कुठे कुणाच्या पडवीत, आणि नंतर त्या बोर्डाकडे सोपवल्या. मला हे फार मोठं काम वाटतं.

रेकॉर्ड बहुतेक शाळेतच असतं, सांगलीला हेलपाटा नको. मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टरच्या, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीच्या उताऱ्यासाठी अर्ज द्या. मी असं एक रजिस्टर पाहिलंय, पुठ्ठा सुटलेला, टाकाने लिहिलेली अक्षरं अजून ठळक, आणि पानभर मुलांची जन्मतारीख १ जून. तारीख माहीत नसली की मास्तर शाळा उघडायच्या हिशोबाने तीच टाकायचे, तेव्हा वडिलांचीही तीच निघाली तर दचकू नका. आणि अर्जात आजोबांचं नाव पण घाला, ते त्याच शाळेत शिकले असतील तर त्यांची ओळ आधीच्या एखाद्या वहीत सापडू शकते.