ख्रिस्ताचे भागीदार होणं म्हणजे नेमकं काय? भाकर आणि द्राक्षरस घेतला की झालं का?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीसोबत नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये गेलात, प्रभूभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, सगळे उठून पुढे गेले, तुम्ही बाकावरच बसून राहिलात, आणि प्रवचनातलं 'ख्रिस्ताचे भागीदार' हे काही डोक्यातून जात नाहीये. मी इथलाच, लहानपणापासून सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत वाढलेला, तर मला जे उमगलंय ते सांगतो.

नुसतं खाऊन होत असतं तर येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदाही भागीदार ठरला असता. शेवटच्या भोजनात येशूने स्वतःच्या हाताने त्याला घास दिला, त्याने तो घेतला आणि लगेच उठून बाहेर गेला, बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात आहे बघा.

भागीदार होणं म्हणजे जे त्याचं आहे त्यात आपल्याला वाटा मिळणं, त्याच्या मरणात, पुनरुत्थानात, देवबापाशी त्याचं जे नातं आहे त्यात, आणि तेही कमावून नाही, कृपेने. आणि आपलं पाप, आपली लाज तो स्वतःवर घेतो. द्राक्षवेल आणि फाट्यांचं त्याने सांगितलंय ते हेच, फाटा वेलात राहिला तरच जिवंत. प्रभूभोजनात ही गोष्ट हातात मिळते, जिभेवर येते. कॅथलिक लोक मानतात की भाकर आणि द्राक्षरस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, प्रोटेस्टंटांमध्ये कोणी आत्मिक उपस्थिती मानतं तर कोणी आठवण, त्या वादात मी इथे शिरत नाही.

पण वाटा म्हटलं की आपण फक्त आशीर्वादाचा धरतो, नोकरी लागली, आजार बरा झाला. येशूचा प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहितो की मला ख्रिस्ताच्या दुःखांतही सहभागी व्हायचंय! हे मला आईच्या आजारपणात कळलं. ती अंथरुणाला खिळली होती, चर्चला नेणं शक्यच नव्हतं, तर पाळकसाहेब घरी आले, औषधांच्या स्टुलावरच्या बाटल्या बाजूला करून पांढरा रुमाल अंथरला, आईला गिळता येत नव्हतं म्हणून भाकरीचा अगदी कण द्राक्षरसात भिजवून ओठांवर ठेवला. दुखणं काही कमी झालं नाही तिचं. पण नंतर म्हणाली, 'त्यालाही असंच दुखलं असेल ना रे', आणि तेव्हापासून मला कोणी भागीदारी म्हणजे काय विचारलं की आधी ती आठवते.

दुसरं म्हणजे हा वाटा एकट्याने घेता येत नाही. करिंथ शहरातल्या मंडळीत पैसेवाले आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, त्यावर पौलाने त्यांना पत्र लिहून चांगलंच सुनावलं की हे प्रभूचं भोजनच नव्हे. भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर, असं त्याच पत्रात आहे. आपल्या नागपूरला तर याचा इतिहासच आहे, २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच ६ वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारेही होते, दोघांनाही जागा दिली आणि प्रभूभोजनाचं टेबल एक केलं. ज्या देशात कोण कोणाच्या हातचं खातो यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं तोडली गेली तिथे एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावणं मला फार मोठं वाटतं. आणि हे होऊनही जर आपण मंडळीत जात विचारत असू तर मग आपण काय खाल्लं ते आपल्यालाच कळलेलं नाही.

प्रवचनातलं 'ख्रिस्ताचे भागीदार' हे बहुतेक बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातलं, ३:१४ मधलं असावं. तिथे पुढे अटही आहे, सुरुवातीचा भरवसा शेवटपर्यंत घट्ट धरला तर. त्याच्या मागेपुढे रानातल्या इस्राएलाची गोष्ट येते, ४० वर्षं देवाची कामं पाहिली तरी मनं कठीणच राहिली. म्हणजे एका रविवारी पुढे गेलो आणि संपलं असं नाहीये ते, रोज त्याला धरून राहायचंय.

तुम्ही बसून राहिलात त्यात काही चुकलं नाही, बहुतेक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेलेच घेतात. पुढच्या वेळी पाळकांना आधी सांगून ठेवा, ते तुमच्यासाठी प्रार्थना नक्की करतील. आणि त्याआधी योहान ६ आणि १५ सलग वाचून बघा, ६व्यात शरीर खाण्याची भाषा ऐकून त्याचे कितीतरी शिष्य सोडून गेले होते, त्यामुळे तुम्हाला ते जड वाटलं तर तुम्ही काही एकटे नाही.