अस्वलाच्या मुलखात मुक्काम: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तंबूतल्या मुक्कामावर लिहिलं होतं, त्यात अस्वलाबद्दल एकच ओळ होती आणि नेमकं त्यावरच पत्रं आली. अमेरिकेतून आली, विदर्भातून आली. चार प्रश्न निवडलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): आम्ही चौघं मित्र जुलैत योसेमिटी नॅशनल पार्कात तीन रात्रींचं बॅकपॅकिंग करतोय, परमिट मिळालंय. त्यात बेअर कॅनिस्टर (अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा) सक्तीचा लिहिलंय. खरंच लागतो का? पिशवी दोरीने झाडाला टांगली तर नाही का चालणार? आणि बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) कुठला घेऊ? आई सध्या इथे आहे, ती दशम्या, चिवडा, लाडू देणार म्हणतेय, फोडणीच्या वासाने अस्वल जास्त येईल का?

उत्तर: आधी स्प्रेचं सांगतो, कारण तिथे बरेच जण फसतात. योसेमिटीत बेअर स्प्रे जवळ बाळगायलाच बंदी आहे, तेव्हा पैसे वाचले. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे अस्वल दिसतं ते ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल, आणि ते त्या राज्यातून १९२०च्या दशकातच संपलं. आता उरलंय ते ब्लॅक बेअर, जे रंगाने चॉकलेटी नाहीतर भुरकटही असू शकतं, त्यामुळे तपकिरी दिसलं म्हणून ग्रिझली समजून घाबरू नका. त्याला तुमच्यात काही रस नाही, तुमच्या शिध्यात आहे.

कॅनिस्टर मात्र हवाच. पिशवी टांगणं योसेमिटीच्या जंगलात चालत नाही, नियमाने नाही आणि व्यवहारानेही नाही, कारण तिथल्या अस्वलांनी पिढ्यानपिढ्या दोऱ्या तोडून आणि फांद्या मोडून पिशव्या खाली पाडल्यात. डबे पार्कच्या वाइल्डरनेस सेंटरवर भाड्याने मिळतात. बेअरव्हॉल्ट कंपनीचा मोठा डबा साधारण साडेअकरा लिटरचा असतो, वजन रिकामाच एक किलोच्या वर, आणि एका माणसाचं आठवड्याचं खाणं त्यात बसतं असं धरतात. पण ते ट्रेकवाल्यांचं सुकं खाणं, आपलं नाही! चिवड्यात निम्मी हवा असते, तो नेलात तर चौघांना दोन डबे पुरायचे नाहीत, तिसरा घ्या. लाडू उत्तम, दशम्या एकावर एक दाबून बसतात. पहिल्या दुपारचं जेवण वाटेतच संपणार, ते डब्याबाहेर राहिलं तरी चालतं, फक्त तोपर्यंत सॅक नजरेआड करायची नाही. आईंना सांगा फोडणी बिनधास्त करा, अस्वलाचं नाक एवढं तिखट असतं की सीलबंद चॉकलेटही त्याला कळतं, लसणीच्या चटणीने वेगळा फरक पडत नाही.

खाण्याबरोबर टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांना लावायचं बाम, कचरा, रिकामी रॅपर्स, सगळं डब्यात गेलं पाहिजे. लोक खाणं ठेवतात आणि टूथपेस्ट उशाशी घेऊन झोपतात. डबा तंबूपासून तीसेक मीटर लांब, सपाट जागी ठेवायचा, कड्याजवळ किंवा ओढ्याजवळ नाही, कारण अस्वल तो लोळवतं आणि मग सकाळी तुम्ही दरीत बघत बसता. त्याला दोरी बांधू नका, दोरी धरून ते डबाच घेऊन जाईल. आणि ट्रेक सुरू करताना गाडीत काही खायचं सोडू नका, दार उचकटायला त्याला फार वेळ लागत नाही, पार्किंगजवळ लोखंडी कपाटं असतात त्यात टाका.

तरी आलंच कॅम्पमध्ये तर चौघं एकत्र उभे राहा, हात वर करा, जोरात ओरडा, ते जाईपर्यंत ओरडत राहा. मात्र एकदा खाणं त्याच्या तोंडात गेलं की ते त्याचं. लाडवासाठी झटापट नको.

प्रश्न (ठाणे): मुलगा सिॲटलला असतो, ऑगस्टमध्ये आम्हा दोघांना ग्लेशियर आणि यलोस्टोन या नॅशनल पार्कांत नेणार आहे, दिवसाचे छोटे ट्रेक. आम्ही साठीच्या पुढचे. कुणी सांगतं मेल्याचं सोंग करा, कुणी सांगतं आरडाओरडा करा, कुणी म्हणतं घंटा बांधा. नक्की काय?

उत्तर: हे तिन्ही सल्ले एकाच वेळी एकाच अस्वलाला लावायला गेलं की गोंधळ होतो. दोन्ही पार्कांत ब्लॅक बेअर आहे आणि ग्रिझलीही आहे. ग्रिझली ओळखायचं खांद्यावरच्या उंचवट्यावरून, मधे जरा खोलगट चेहऱ्यावरून आणि लांब नखांवरून.

घंटेचं सोडून द्या, तो बारीक किणकिणाट अस्वलाच्या कानापर्यंत वेळेत पोचत नाही. माणसाचा आवाज पोचतो. आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही, अंताक्षरी सुरू करा! गंमत बाजूला, पण जिथे ओढ्याचा आवाज आहे, वारा समोरून येतोय, वाट वळतेय किंवा बेरीची झुडपं दाट आहेत तिथे मुद्दाम मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. ऑगस्ट म्हणजे बेरी खाण्याचे दिवस, अस्वल मान खाली घालून खात असतं. तिघं एकत्र राहा, मुलगा पुढे आणि तुम्ही शंभर पावलं मागे असं नको. अस्वलापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर लांब राहायचं हा तिथला नियम आहे, फोटोसाठी तो मोडायचा नाही.

स्प्रे इथे मात्र घ्यायचाच. योसेमिटीत बंदी आणि यलोस्टोनमध्ये पार्कच सांगतं जवळ ठेवा, म्हणून म्हणतो जिथे जाल तिथले नियम आधी वाचा. विमानात तो नेता येत नाही, ना हँडबॅगेत ना चेक-इनमध्ये, तिथे पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या. सॅकच्या तळाशी नको, कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला हवा, आणि सेफ्टी क्लिप काढायचा सराव तिघांनीही खोलीबाहेर करून ठेवा (क्लिपच, फवारा नाही). ओडोमॉससारखा तो अंगाला किंवा तंबूला लावायचा नसतो, लोकांनी हेही केलंय. अस्वल धावत आलं आणि दहा-पंधरा मीटरवर पोचलं की त्याच्या समोर, जरा खालच्या अंगाला फवारायचा, म्हणजे ते त्या ढगातून यावं लागतं.

आणि पळायचं नाही. अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या वर धावतं, साठीतच काय विशीतही जमणार नाही. लांबून दिसलं तर हळू बोलत, त्याच्याकडे पाठ न करता मागे सरका. बऱ्याचदा ते धावत येऊन मधेच थांबतं, ती नुसती धमकी असते. मेल्याचं सोंग कधी? तर ग्रिझलीने, बहुधा पिल्लांसाठी किंवा दचकून, प्रत्यक्ष अंगावर हात टाकला तरच. पालथं पडा, सॅक पाठीवर राहू द्या, हात मानेमागे, पाय जरा फाकलेले म्हणजे उलटवता येत नाही, आणि ते लांब जाईपर्यंत हलू नका. ब्लॅक बेअरने हल्ला केला, किंवा कुठलंही अस्वल रात्री तंबूत घुसलं, तर सोंग नाही, मिळेल त्याने तोंडावर मारा.

ग्लेशियरमध्ये ऑगस्ट १९६७ मध्ये एकाच रात्रीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ग्रिझलींनी १९ वर्षांच्या दोन मुली मारल्या. त्यातल्या एका ठिकाणच्या लॉजमागे उरलंसुरलं अन्न टाकायचे आणि रात्री ते खायला येणारी अस्वलं बघायला पाहुणे जमायचे. त्यानंतर कचऱ्याचे नियम कडक झाले. तेव्हा पिकनिकच्या टेबलावर अर्धा सँडविच सोडून फोटो काढायला जाणारं कुणी दिसलं तर त्याला टोका, वाईटपणा आला तरी चालेल.

प्रश्न (परतवाडा): मी कॉलेजला आहे, पक्षी बघायला मेळघाटच्या बाजूच्या गावात मामाकडे जातो. पहाटे पायवाटेने फिरतो. इथे अस्वलं आहेत. दादा, अमेरिकेचे नियम इकडे चालतात का?

उत्तर: अर्धे चालतात. तुझ्याकडचं अस्वल वेगळं आहे, वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं, बोरं, जांभळं खाणारं. तुझ्या डब्यातल्या पोळीसाठी ते सहसा येणार नाही. पण माणसावर धावून जाण्यात ते फार तापट, आणि त्याला कारण आहे. ते वाघाच्या जंगलात वाढलंय, वाघापुढे पळून निभावत नाही आणि झाडावर बिबट्याही चढतो, म्हणून दचकलं की आधी अंगावर जायचं हीच त्याची रीत. तू झाडावर चढलास तर तेही चढतं.

सगळा धोका अचानक समोरासमोर येण्यात आहे. वारुळात तोंड खुपसून ते सुर्रसुर्र करत वाळवी ओढतं, त्या नादात त्याला तुझी चाहूल लागत नाही. तो आवाज आला की थांब आणि आल्या वाटेने परत जा. मार्च-एप्रिलात मोह पडतो, बायामाणसं अंधारात फुलं वेचायला निघतात आणि अस्वलही त्याच झाडाखाली त्याच वेळी असतं. मामाला म्हणावं चांगलं उजाडल्यावर निघा, एकटं नको, बोलत जा, काठी आपटत जा. पक्षी बघणाऱ्याला गप्प राहावं लागतं हे मला कळतं, पण गप्प बसायचं ते एका मोकळ्या जागी, घाणेरीच्या दाट झुडपांतून चालताना नाही. मोठे खडक, कपारी दुपारी त्यांच्या झोपायच्या जागा असतात, तिथे डोकावू नकोस. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी दिसली तर दुर्बीण खाली कर आणि हळूच मागे सर.

अंगावर आलंच तर पालथा पड, तोंड जमिनीत, बोटं मानेमागे गुंफून. हे अस्वल चेहरा आणि डोक्यावर मारतं, डोळे जातात, म्हणून चेहरा आधी वाचवायचा. हल्ला बहुतेक वेळा थोडाच वेळ टिकतो. नंतर जखम साबण-पाण्याने भरपूर धुवून थेट दवाखान्यात, रेबीजची लस विचारून घे, आणि वनखात्याला १९२६ वर कळव, पंचनामा व्हायला हवा. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या भागात, पायी फिरायला मुळात परवानगी नसते, मामा वनरक्षकाला ओळखत असला तरी.

कोयना, चांदोली, राधानगरी आणि गोव्यातल्या म्हादई भागातही हेच अस्वल आहे, तिकडे रानवाटांनी फिरणाऱ्यांनीही वाचून ठेवा.

प्रश्न (पुणे): सप्टेंबरमध्ये काश्मीरला ट्रेक आहे, ग्रुपबरोबर. तिथे काळजी करू का?

उत्तर: काळजी नको, चौकशी करा. जंगलाच्या पट्ट्यात छातीवर पांढरट व्ही असलेलं काळं अस्वल असतं, सप्टेंबरात ते मक्याच्या आणि सफरचंदाच्या मागे गावाजवळ उतरतं, तेव्हा संध्याकाळी शेता-बागांच्या कडेने एकट्याने फिरू नका. लडाखमधल्या द्रास आणि सुरू नदीच्या खोऱ्याकडे, जिथे झाडं संपतात त्याच्या वर, तपकिरी अस्वल, आणि तिथे वस्तीच्या कचऱ्याची त्याला चटक लागलीये. आपल्याकडच्या ग्रुप ट्रेकमध्ये मेंबर लोक लांबच्या तंबूत झोपतात आणि स्वयंपाकी, मदतनीस पोरं किचन टेंटमध्ये रेशनला चिकटून, म्हणजे अस्वल आलं तर पहिलं त्यांच्याकडे. बुकिंगच्या वेळी ऑपरेटरला विचारा रेशन रात्री कुठे ठेवता, किचन टेंटमध्ये कोण झोपतं आणि उरलेला भात कुठे टाकता. नीट उत्तर आलं नाही तर दुसरा ऑपरेटर बघा.