स्नायूची उष्णता मोजताय? मग मेलेला स्नायूही मोजा

महिनाभर स्नायूच्या उष्णतेवर तेच तेच विचारलं जातंय, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न: बेडकाचाच सार्टोरियस (मांडीचा एक स्नायू) का?
उत्तर: पातळ असतो, तंतू समांतर असतात आणि ऑक्सिजन दिलेल्या रिंगर द्रावणात (क्षारांच्या पाण्यात) तासन्‌तास टिकतो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो इन्फ्रारेड गन ०.१ अंशापर्यंत दाखवते. घेऊ का?
उत्तर: नको. एका ट्विचला (एका झटक्याच्या आकुंचनाला) स्नायू तापतो जेमतेम ०.००३ अंश सेल्सिअस, त्यात ती गन काय दाखवणार? थर्मोपाइलच हवी, म्हणजे तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणाऱ्या दोन धातूंच्या जोड्यांची माळ. तांबं-कॉन्स्टंटनच्या एका जोडीतून अंशाला ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणून तर पन्नासेक जोड्या सिरीजमध्ये लावतात. पैसे द्यायच्या आधी इन्स्ट्रुमेंटेशनच्या सरांना विचारा.

प्रश्न: ऑक्सिजन नसेल तर उष्णता निघतच नाही असं ऐकलं.
उत्तर: ऐकीव आहे. आकुंचनाच्या वेळची उष्णता नायट्रोजनमध्येही निघते, नंतर कित्येक मिनिटं रेंगाळणारी रिकव्हरीची उष्णता ऑक्सिजनवर चालते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

प्रश्न: दर स्टिम्युलसला (विजेच्या झटक्याला) मस्त उष्णता येते, टेटॅनसला (लागोपाठ झटक्यांनी होणाऱ्या सलग आकुंचनाला) तर भरपूर. रिपोर्ट लिहू ना?
उत्तर: थांबा! मेलेल्या स्नायूचा कंट्रोल (तुलनेसाठीचं रीडिंग) घेतलात का? स्टिम्युलसचा करंट स्वतःच ऊती तापवतो, आणि टेटॅनसमध्ये पल्स जास्त म्हणजे ही फुकटची उष्णताही जास्त. आमच्या लॅबमध्ये एका मुलीचा असाच देखणा ग्राफ आला होता, मी तिला स्नायू थर्मोपाइलवरून न हलवता क्लोरोफॉर्मनं मारायला लावला आणि तेच इलेक्ट्रोड, तोच व्होल्टेज पुन्हा द्यायला सांगितलं. आकुंचन दाखवणारी तरफ ढिम्म, पण गॅल्व्हॅनोमीटरचा उजेडाचा ठिपका स्केलवर सरकलाच, आधीच्या जवळजवळ निम्मा. तेवढं सगळं वजा करावं लागलं. आणि हे 'उद्या करू' म्हणून चालत नाही, स्नायू उचलून परत ठेवला की पाइलशी त्याचा संपर्क बदलतो, मग वजाबाकी कशातून कशाची करणार? त्याच दिवशी, त्याच जागी करायचं. शिवाय द्रावण काढल्यावर चेंबर दमट ठेवा, नाहीतर बाष्पीभवनानं बेसलाइन घसरत राहते. कच्ची रीडिंग घेऊन गाइडकडे जा, नंतरच लिहा.

प्रश्न: बेडूक ओढ्यावरून आणला तर?
उत्तर: नाही. आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची) लेखी परवानगी हातात येईपर्यंत प्राण्याला हात लावायचा नाही, अर्ज आजच त्यांच्याकडे द्या.