गंजलेली गाडी घरच्या अंगणात: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या गाड्यांवर लिहिलं आणि तेव्हापासून गंजाचीच पत्रं येतायत, त्यातली चार इथे घेतोय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये कारण त्यात बाकीच्यांच्याही कामाचं बरंच आहे.

प्रश्न: आमच्या बाबांची १९८६ची मॅटाडोर आहे, पॅसेंजर बॉडी, काचांच्या खिडक्या. बाबा तिच्यातून शाळेची मुलं न्यायचे. ते गेल्यापासून परसात चिंचेखाली उभी आहे. भावाने बॅटरी लावून बघितलं तर इंजिन चालू झालं. पण फ्लोअरला भोकं पडलीत आणि दारांचे खालचे काठ हाताने तुटतात. आम्हाला ती कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) करून पोरांना घेऊन फिरायचंय आणि जमेल तेवढं काम घरीच करायचंय. ओळखीचे गॅरेजवाले काका म्हणतात कशाला त्रास घेता, पंधरा दिवसांत पुट्टी-पेंट करून नवी करून देतो. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, कराड)

उत्तर: ताई, आधी काकांना नम्रपणे नाही म्हणा. गंजावर पुट्टी भरून रंग मारला की गाडी एक पावसाळा छान दिसते, आणि आत पत्रा सडतच राहतो, कारण पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि ते पत्र्याला लावून धरते. मग फुगे येतात आणि तेव्हा भोक आधीपेक्षा मोठं झालेलं असतं.

इंजिनाची फार काळजी करू नका. मॅटाडोर आकुर्डीला बजाज टेम्पोने बनवलेली, मूळ डिझाइन हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचं, आणि ऐंशीच्या दशकात तिला मर्सिडीजचं ओएम ६१६ डिझेल इंजिन आलं, तेच पुढे त्याच कंपनीच्या ट्रॅक्सलाही होतं, त्यामुळे तुमच्या गाडीत ते असेल तर पार्ट मिळतात आणि त्यावर हात बसलेले मिस्त्रीही सापडतात. तुमच्या गाडीची खरी अडचण बॉडी आहे.

आणि बॉडीत सुद्धा भोकं बुजवण्याच्या आधी एकच गोष्ट शोधायची, पाणी कुठून येतंय. फ्लोअर सडलेला दिसतो म्हणून सगळे फ्लोअरला लागतात, पण निम्म्या वेळा पाणी वरून आलेलं असतं. चिंचेचा पाला बारीक असतो, तो टपाच्या कडेच्या पन्हाळीत बसतो, ओला राहतो, तिथला सीलंट फुटतो, पाणी खिडकीच्या रबराखालून आत शिरून खांबातून उतरतं आणि मॅटखाली जाऊन थांबतं. वरचं तसंच ठेवून खाली कितीही चांगला पत्रा लावलात तरी तो पण जाणार. म्हणून सीटा, मॅट, आतली पॅनलं सगळं काढा (काढायच्या आधी प्रत्येक गोष्टीचे फोटो काढा, नटबोल्ट डबीत नाव लिहून ठेवा), मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, पण खालून सुरू करून हळूहळू वर जायचं. वरून मारलंत तर सगळीकडूनच गळताना दिसेल आणि नेमकी जागा कळणार नाही. जिथे गळेल तिथे आतून खडूची खूण.

मग पत्रा तपासा. छोट्या हातोडीने ठोकत जा, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद वाजतो. शंका आली की स्क्रूड्रायव्हर टोचा, घाबरू नका, जो पत्रा स्क्रूड्रायव्हरने फाटतो तो तसाही राहणार नव्हता. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवलात तर जुनी पुट्टी कुठे भरलीये तेही कळेल कारण तिथे चुंबक धरत नाही. चासीचे मेंबर, स्प्रिंगचे ब्रॅकेट आणि सीट जिथे बोल्ट होतात त्या जागा सगळ्यात आधी बघा. तिथे खोल गंज असेल तर ते काम अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या, मुलं बसणार आहेत गाडीत.

बाकी घरी करता येतं. वरवरचा गंज ग्राइंडरच्या वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा. डोळ्याला गॉगल आणि तोंडाला चांगला मास्क हवाच, ब्रशच्या तारा सुटून उडतात. खड्ड्यांत चिकटून राहिलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं रसायन) चालतं, पण ते पापुद्रे सुटलेल्या गंजावर काम करत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. जिथे पत्रा पातळ झालाय तिथे कापायचाच, आणि चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, नाहीतर कडेने वेल्डिंग धरतच नाही. फ्लोअरला १८ गेजचा सीआर (साधा, लेप नसलेला) पत्रा घ्या, गंजत नाही म्हणून जीआय (जस्ताचा लेप असलेला) घेऊ नका, कारण वेल्ड करताना त्यातल्या जस्ताचा धूर होतो आणि त्याने थंडीताप येतो. वेल्डिंग सीओटूचं (म्हणजे मिग, वायूच्या आवरणाखाली तारेने होणारं) करून घ्या, आर्कच्या काडीने एवढा पातळ पत्रा जळून भोक पडतं. सलग ओढायचं नाही, टाके टाकत, जागा बदलत जायचं, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा, डिझेलची टाकी काढून लांब ठेवा.

उघड्या लोखंडावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर गेला पाहिजे. नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही, तो पाणी आत जाऊ देतो. पुट्टी लागलीच तर इपॉक्सीच्या वर, पातळ. सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा आणि ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते चुकूनही लावू नका, ते सुकताना ॲसिड सोडतं आणि सीलच्या आतच गंज चालू होतो. दारांच्या तळाला जी बारीक भोकं असतात ती कंपनीने पाणी जायलाच ठेवलेली असतात, ती बुजवू नका, काडी घालून मोकळी करा. सगळं झालं की पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारा. आपल्याकडे जळकं ऑइल मारतात, ते नको, रबराचे बुश खराब होतात आणि अंगाला लागून लागून कातडीलाही ते वाईट.

वेळापत्रक पावसावर बांधा. दिवाळीनंतर उघडा आणि काहीही झालं तरी मे संपायच्या आत संपूर्ण गाडीवर प्रायमर चढलेला असू दे, दमट हवेत उघडा पत्रा काही तासांत लाल होतो. रंग पुढच्या वर्षी दिला तरी काही बिघडत नाही.

एक कागदोपत्री गोष्ट, आणि ही खरं तर पहिला पैसा खर्च करायच्या आधीची. आरसी बुक बघा. शाळेची मुलं न्यायची म्हणजे नोंदणी बहुतेक ट्रान्सपोर्टमध्ये असेल, ती खाजगीत बदलावी लागेल, आणि बाबांच्या नावावरून वारसाच्या नावावर करायचंही राहिलं असेल. कॅम्पर व्हॅन खाजगी वापरासाठी नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये बसते पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीत बदल करायला परवानगी लागते, म्हणून टप कापून उंच करणं वगैरे विचार आरटीओत विचारल्याशिवाय नको. खाजगी गाडीचं १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं. २०२१चे व्हिंटेज गाड्यांचे नियम तुम्हाला लागू नाहीत, त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते.

आणि ताई, बाबांनी आत काही लिहिलेलं, चिकटवलेलं असेल, मुलांची नावं असतील, देवाचा फोटो असेल, तर ते पॅनल घासू नका. तेवढं एक पॅनल जसंच्या तसं परत बसवा.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको ब्रिस्टलला असतो, १९७३ची फोक्सवॅगन बे विंडो कॅम्पर घेतली. दोन्ही बाजूच्या सिल (दारांखालच्या पोकळ पट्ट्या) आणि जॅकिंग पॉइंट (जॅक लावायच्या जागा) गेलेत. मी इथे संध्याकाळच्या क्लासला मिग वेल्डिंग शिकलोय. सिल स्वतः बदलू का? (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर: बदला, पण एका वेळी एकच बाजू. या गाडीला बॉडीपासून सुटी अशी वेगळी चासी नाही, सिलच वजन पेलते, आणि ती बाहेरची, मधली, आतली अशी थरांची आहे. नुसती बाहेरची नवी लावून आतली सडकी ठेवणारे खूप आहेत, तुमच्या आधीच्या मालकानेही तेच केलं असण्याची शक्यता आहे, म्हणून ठिगळाखाली ठिगळ निघेल ही तयारी ठेवा. कापायच्या आधी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे बार टॅक करा (छोट्या टाक्यांनी तात्पुरते वेल्ड करा), विशेषतः सरकत्या दाराच्या बाजूला, कारण ते भगदाड मोठं आहे आणि बॉडी जराशी खचली तरी ते दार पुन्हा कधी नीट लागत नाही. टॅक केल्यावर दार लावून बघा, मग पुढे. जॅकिंग पॉइंट सडके आहेत तर गाडी त्यांच्यावर उचलायची नाही हे सांगायला नकोच, पण स्टँड कुठे लावायचे ते नीट ठरवून मगच खाली जा.

ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्ड करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. क्लोरीनवाला क्लीनर आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू करतो, ॲसिटोन वापरा आणि पूर्ण उडून जाऊ द्या. इंजिनाजवळच्या बॅटरीचा ट्रे आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या याच फेरीत बदलून टाका, या एअरकूल्ड गाड्यांना आग लागते ती बऱ्याचदा तडकलेल्या नळीमुळे.

तुमच्याकडे ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला एमओटीची (दरवर्षीच्या सरकारी तपासणीची) सक्ती नाही, तरी मी म्हणेन करून घ्या. सस्पेन्शन आणि सीटबेल्टच्या माउंटिंगपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज तिथले तपासनीस कडकपणे बघतात, आणि तुम्ही स्वतः केलेलं वेल्डिंग दुसऱ्या जाणत्या नजरेखालून गेलेलं बरं.

प्रश्न: समुद्रापासून जवळ राहतो, ओमनीचा छोटा कॅम्पर केला, फ्लोअरला ग्लासवूल आणि प्लायवूड टाकलं. दोन वर्षांत फ्लोअर गेला. काय चुकलं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: ग्लासवूल. ते ओलं झालं की सुकत नाही, आणि खारी हवा असल्यावर गंजाला अजून काय पाहिजे. रात्री दोन माणसं आत झोपली की श्वासाची वाफ थंड पत्र्यावर धरते आणि उतरून खाली जमते, त्यामुळे गाडी पावसात न नेताही फ्लोअर ओला राहतो. नवीन फ्लोअरला इपॉक्सी, मग बंद पेशींचा नायट्राइल रबर फोम पूर्ण चिकटवून, प्लाय असा टाका की वर्षातून एकदा चार स्क्रू काढून उचलता येईल. झोपताना एक खिडकी बोटभर उघडी. आणि किनाऱ्यावरून आलात की गाडीच्या पोटाला गोड्या पाण्याचा पाइप, रंगावर नंतर मारा, आधी खाली. डांबरी अंडरकोटिंग गंजावर मारू नका, ते खाली ओल धरून ठेवतं.

प्रश्न: मी इंजिनीअरिंगला आहे, आजोबांच्या व्हॅनचे बिजागर, हँडल, ब्रॅकेट असे छोटे पार्ट गंजलेत, वायर ब्रशने आतपर्यंत निघत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: इलेक्ट्रोलिसिस कर, तुला मजा येईल. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा लिटरला एक चमचा. पार्ट बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाची जुनी पट्टी पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो, तो ब्रशने धुऊन लगेच वाळवून प्रायमर मार. हे उघड्यावरच करायचं कारण हायड्रोजन निघतो, आणि हात घालायच्या आधी चार्जर बंद. पट्टी स्टेनलेसची घेऊ नकोस, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल बोल्ट बादलीत टाकू नकोस, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात, त्यांचा गंज हातानेच काढ किंवा सरळ नवे आण.