एकाच भागाचे तीन प्रतिमांतून तीन आकडे का येतात?

तुमचा प्रश्न असा: एकाच भागात पानं किती, याचं उत्तर ड्रोनच्या प्रतिमेत (एक पिक्सेल ५ सेंटिमीटरचा) एक येतं, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दुसरं आणि नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस सेन्सरच्या ५०० मीटरच्या तयार नकाशात तिसरंच, यातलं खरं कुठलं?

आधी एक गोष्ट तपासा. तिन्हीकडे तुम्ही एकच राशी मोजताय ना? आच्छादन म्हणजे वरून पाहिल्यावर जमिनीचा किती भाग पानांनी झाकलाय. ते शंभर टक्क्यांच्या पुढे जात नाही. एलएआय (लीफ एरिया इंडेक्स) म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर पानांचं एका बाजूचं किती चौरस मीटर क्षेत्र आहे. तो दाट झाडीत सहज ५ च्या वर जातो. ड्रोनमधून बहुतेक जण आच्छादन काढतात आणि मोडिसच्या एलएआयशी ताडून बघतात. तिथेच घोळ होतो.

राशी एकच असेल, तर फरक मिश्र पिक्सेलमुळे, म्हणजे ज्यात झाडी, माती, पाणी असं एकत्र येतं त्या पिक्सेलमुळे पडतो. समजा, पिक्सेलचा अर्धा भाग उघडी माती आणि अर्ध्या भागात एलएआय ४ आहे. खरी सरासरी २. पण झाडीतून प्रकाश घातांकी पद्धतीने कमी होतो. प्रकाश किती वेगाने कमी होतो याचा गुणांक ०.५ धरला तर झाडीच्या भागातून फक्त १३.५ टक्के प्रकाश खाली पोचतो, मातीच्या भागात १०० टक्के. सरासरी सुमारे ५७ टक्के. यावरून उलट एलएआय काढला तर येतो १.१३. जवळपास निम्मा! सूत्र बरोबर, मोजमापही बरोबर, तरी उत्तर चुकलं, कारण नातं सरळ रेषेचं नाही.

मात्र मोठा पिक्सेल नेहमी कमीच दाखवतो असा नियम करू नका. पाण्याकाठी उलटं घडतं. पाण्याचं परावर्तन लाल प्रकाशाच्या पट्ट्यात ०.०३ आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या निअर इन्फ्रारेडमध्ये ०.०१ धरा, झाडीचं ०.०४ आणि ०.४०. एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक (निअर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज) येतो अनुक्रमे उणे ०.५ आणि ०.८२, म्हणजे सरासरी ०.१६. दोन्ही अर्धे-अर्धे असलेल्या पिक्सेलचा एनडीव्हीआय मात्र ०.७१! अंधारं पाणी बेरजेत जवळजवळ दिसतच नाही. हे गणित स्वतः एकदा कागदावर करून बघाच, मग प्रतिमा कमी रिझोल्यूशनवर आणताना एनडीव्हीआयची सरासरी घ्यायचा मोह होणार नाही. आधी प्रत्येक पट्ट्याच्या परावर्तनाची सरासरी, मग निर्देशांक.

बारीक पिक्सेल म्हणजे अचूक, हेही खरं नाही. ५ सेंटिमीटरला एक पिक्सेल पान असतो, शेजारचा सावली, त्यापुढचा माती. त्या पातळीवर आच्छादन छान मोजता येतं, पण एका पिक्सेलचा एलएआय काढण्यात काही अर्थ नाही. आणि दाट झाडीत एलएआय ३ च्या आसपास गेला की एनडीव्हीआय वाढायचा जवळजवळ थांबतो. तिथे सेंटिनेलचे २० मीटरचे रेड-एज पट्टे (लाल आणि निअर इन्फ्रारेडच्या मधले) जास्त कामाचे, पिक्सेल मोठा असला तरी.

जमिनीवरच्या मोजणीत माझा आग्रह एवढाच, की १० मीटरच्या पिक्सेलसाठी निदान ३० बाय ३० मीटरचा एकसारखा तुकडा घ्या. प्रतिमा थोडी सरकलेली असते आणि सेन्सरला शेजारच्या जमिनीचाही प्रकाश मिळतो. ५०० मीटरशी दोन-चार बिंदूंची थेट तुलना करूच नका. मधला दुवा सेंटिनेलच हवा.

मी तुमच्या जागी असते तर सेंटिनेलवरून ५०० मीटरचे दोन नकाशे केले असते: एक १० मीटरवर एलएआय काढून मग सरासरी घेतलेला, दुसरा आधी परावर्तनाची सरासरी घेऊन मग एलएआय काढलेला. दोन्ही वजा करा. फरक जिथे ठळक दिसेल, तिथले मोडिसचे पिक्सेल मिश्र आहेत. तुलनेतून ते आधी वेगळे काढा.